निवटीवर वीज चालत नाही

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. झटका सौम्य आहे असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, जरासं वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. पण उजवा हात आणि उजवा पाय मात्र ऐकेनासे झाले. व्यायाम शिकवायला घरी एक बाई यायच्या. "काका, रोज खाली उतरून चालायचं आणि उजव्या हाताला काहीतरी काम द्यायचं," असं त्या दर खेपेला बजावायच्या. बाबा मान डोलवायचे. त्या गेल्या की खुर्चीत बसून समोरच्या सोसायटीचं पार्किंग बघत राहायचे.

बाबा अग्निशमन दलात होते. जवान म्हणून लागले, अधिकारी म्हणून निवृत्त झाले. इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या किती रसायनांच्या आगी त्यांनी बघितल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. घरी येऊन त्यातलं अक्षरही ते सांगत नसत. आंघोळ करायचे, जेवायचे आणि झोपायचे. कोपरखैरण्यात त्यांना ओळखणारी माणसं खूप. त्यातलं कुणी आपल्याला पाय ओढत चालताना बघेल, हे त्यांना नको होतं. तोंडाने ते कधी तसं म्हणाले नाहीत, पण आईला आणि मला समजत होतं.

मी त्या वेळी फोनवर एक खेळ खेळायचे. ऐरोलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने नाद लावला होता. खेळ असा, की फोन हातात धरून खरोखरच्या रस्त्यावरून चालायचं. नकाशावर चित्रविचित्र प्राणी दिसतात, ते पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. प्रत्येक प्राण्याचा एक टाइप असतो: आग, पाणी, वीज, माती, झाडपाला असे बरेच. कुठला टाइप कुणाला भारी आणि कुणापुढे फुसका, हे ज्याला कळलं त्याला खेळ आला.

एका संध्याकाळी मी सोफ्यावर बसून लढत होते आणि हरले. "काय झालं?" बाबांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून काही विचारावं असं क्वचितच व्हायचं, म्हणून मी फोन त्यांच्यासमोर धरला. माझ्याकडे आग ओकणारा एक सरडा होता आणि समोर पाण्याचं कासव.

"पाण्यावर आग सोडलीस? हरणारच की."

"माझ्याकडे तेवढाच मोठा आहे."

"मग पाण्याला मारतं काय?"

मी म्हटलं, वीज. बाबांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. विजेच्या आगीवर पाण्याचा पाइप धरायचा नाही, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. पाण्यातून उलटा करंट येतो." मग जरा वेळाने म्हणाले, "माझ्या फोनमध्ये बसतो का हा?"

आईला वाटलं मी त्यांना नसतं वेड लावते आहे. पण दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः चपला घालून दाराशी उभे राहिले, तेव्हा तिने छत्री आणून दिली. ऊन होतं.

खाली उतरल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फोनमध्ये डोकं घालून माणूस हळू चालत असला, मधेच थांबत असला, तर लोकांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. सगळेच तसे चालतात. ओळखीचे एक गृहस्थ समोरून आले, "काय साहेब, तुम्हीपण मोबाइलमध्ये?" म्हणून हसले आणि गेले. त्यांची नजर पायाकडे गेलीच नाही. बाबांनाही ते जाणवलं असावं. त्या दिवशी आम्ही ठरवलं होतं त्यापेक्षा दोन गल्ल्या पुढे गेलो.

बाबांनी विजेचे प्राणी जमवायला घेतले. पिवळी खार, गोल बॅटरीसारखं काहीतरी, केस उभे राहिलेली एक मेंढी. बाकीच्यांकडे ते ढुंकून बघत नसत. झाडपाल्याचे तर हाताशी आले तरी सोडून द्यायचे. "पाला काय कामाचा? काडी लावली की संपला."

बोनकोडे गावातल्या तळ्यावर संध्याकाळी हा खेळ खेळणारी माणसं जमायची. एखादा मोठा राक्षस तिथे ठरावीक वेळेपुरता येतो आणि तो एकट्यादुकट्याला आवरत नाही, सगळ्यांनी मिळून मारावा लागतो. कॉलेजची मुलं असायची, एक बँकेतल्या बाई असायच्या, आणि या सगळ्यांचे पुढारी म्हणजे गावातलेच एक शेठ. त्यांच्या वडिलांची भातशेती होती, ती शहर वसवताना गेली. आता शेठच्या दोन इमारती आणि हार्डवेअरचं दुकान होतं. पन्नाशीचा भरदार माणूस, गळ्यात जाड साखळी, दोन हातांत दोन फोन, आणि दोन्हींवर हाच खेळ.

त्या महिन्यात तळ्यावर येणारा राक्षस होता पाण्याचा. निळसर, बुळबुळीत अंग, डोक्यावर बाहेर आलेले बटबटीत डोळे आणि पुढचे दोन पर हातांसारखे टेकलेले. खेळात त्याचं नाव भलतंच होतं, कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. शेठनी तो पहिल्यांदा बघितला आणि मोठ्याने हसले. "अरे, ही त निवटी हाय!" खाडीच्या चिखलात उड्या मारते ती छोटी मासळी म्हणजे निवटी. तेव्हापासून सगळे तिला निवटीच म्हणायला लागले.

पाण्याचा राक्षस म्हटल्यावर बाबांना हुरूप आला. विजेची फौज त्यांनी याचसाठी उभी केली होती. तळ्याच्या पायरीवर टेकून, डाव्या हाताच्या अंगठ्याने ते लढायला लागले. लढाई सुरू झाली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मेंढी वीज सोडत होती, स्क्रीन पिवळा होत होता आणि निवटीला ओरखडाही उठत नव्हता. एका फटक्यात मेंढी आडवी. मग खार. मग ती बॅटरी. वेळ संपली आणि निवटी तशीच उभी. सगळेच हरलो होतो. पण शेवटी कुणी किती मारा केला ते दिसतं, त्यात बाबांचं नाव सगळ्यांत खाली होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या खेपेला लढाई सुरू होण्याआधी शेठ बाबांजवळ आले. वाईट हेतूने नाही, समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, तुमी मागं ऱ्हावा. खुर्ची देतो, बसा. आमी मारतो. बक्षीस तुमाला बी भेटंल."

बाबा फोन खिशात टाकायला लागले, तो एका हाताने पटकन जाईना म्हणून मी मदत करायला गेले तर हात झटकला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आग लागली की "मागं व्हा" असं दुसऱ्यांना सांगितलं, त्याला कुणीतरी मागे राहायला सांगितलं होतं. हा फोनवरचा खेळच तर आहे, असं मी स्वतःला समजावत होते, पण मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

पुढचे काही दिवस बाबा खाली उतरले नाहीत. व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा पाय दुखतो म्हणाले. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या त्या खेळानं उलटंच झालं की गं."

रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा खुर्चीतून एकदम म्हणाले, "निवटी राहते कुठं?"

"तळ्यावर. म्हणजे खेळात."

"खरी निवटी विचारतोय. चिखलात ना? म्हणजे अर्धी पाण्यातली आणि अर्धी मातीतली."

मी घडी तशीच टाकून फोन उघडला. काही प्राण्यांना दोन टाइप असतात; निवटीच्या चित्राखालीही दोन छोटी चिन्हं होती. एक पाण्याच्या थेंबाचं. दुसरं तपकिरी, ते मातीचं. रोज समोर असून आम्ही कुणी ते दुसरं चिन्ह नीट बघितलंच नव्हतं. शेठनीही नाही, बँकेतल्या बाईंनीही नाही.

"अर्थिंग झालंय तिचं," बाबा म्हणाले. "वीज कितीही सोड, सगळी जमिनीत जाणार. मेंढीचा काही दोष नाही."

"मग हिला मारायचं कशानं?"

बाबांनी माझ्याकडेच बघितलं. मी तक्ता शोधून काढला. पाण्याला काय भारी आणि मातीला काय भारी, हे दोन्ही रकाने पडताळले तेव्हा दोन्हींत एकच नाव होतं. झाडपाला. पाणी पितो आणि मातीत मुळं घालतो. म्हणजे दुप्पट नाही, चौपट मार.

"पाला," बाबा म्हणाले. आवाजात नाराजी होती. ते इतके दिवस सोडून देत आले होते, त्यामुळे त्यांच्याकडे झाडपाल्याचा एकही धड प्राणी नव्हता.

असे प्राणी बागांमध्ये जास्त मिळतात. मग आमचा मोर्चा बागांकडे वळला. सकाळी मी ऑफिसला निघायच्या आत एक बाग, संध्याकाळी दुसरी. वेलींचं शेपूट असलेलं एक पिल्लू बाबांना सापडलं. ते मोठं करायचं तर त्याला सोबत घेऊन चालावं लागतं, जितकं चालाल तितकी त्याची ताकद वाढते. हे कळल्यावर बाबा मी नसताना एकटेही निघायला लागले. आई गॅलरीतून बघत उभी राहायची. एकदा बागेच्या फाटकाशी त्यांचा पाय अडखळला, हाताला खरचटलं. घरी येऊन स्वतःच डेटॉल लावलं आणि म्हणाले, "तिथली लादी सुटली आहे. तक्रार केली पाहिजे." ती त्यांनी केलीही.

आणि अंगठा. लढताना समोरच्याचा वार चुकवायला अंगठा पटकन बाजूला सरकवावा लागतो. बाबा फोन डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने तो सराव करायला लागले. अंगठा कधी भलतीकडे जायचा, कधी जागचा हलायचाच नाही. टीव्हीवरच्या बातम्या चालू असायच्या आणि बाबा तोंडातल्या तोंडात, "डावीकडं. डावीकडं रे." व्यायामाच्या बाईंनी हे बघितलं आणि रबरी चेंडू दाबायचा व्यायाम त्यांनी सरळ अर्धा करून टाकला.

आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो तेव्हा महिना संपत आला होता आणि निवटीचे शेवटचे काही दिवस राहिले होते. शेठ आम्हाला बघून पुढे आले. "काका! कुठं होतंव? मना वाटला, रागावलंव."

"रागावलो होतो," बाबा म्हणाले. "ते राहू द्या. तुमची माणसं वीज आणि बर्फ लावतात ते काढा. झाडपाला लावा सगळ्यांनी. ज्याच्याकडं नाही त्यानं शेवटी उतरायचं." मग त्यांनी निवटीचं चित्र मोठं करून ते तपकिरी चिन्ह दाखवलं.

शेठ दोन्ही फोन खाली करून बघत राहिले. "आयला. चिखलानची हाय." मग वळून पोरांवर ओरडले, "ऐकलाव ना काका काय बोलले? पाला लावा रे सगले!"

त्या दिवशी निवटी पडली. सुरुवातीपासूनच तिचा रंग उतरत होता, प्रत्येक वेलीच्या फटक्यासरशी तिच्या ताकदीची लाल पट्टी मागे सरकत होती. पोरं आरडाओरडा करत होती, तळ्याकाठच्या देवळातून बाहेर पडणारी माणसं थांबून बघत होती. बाबा खुर्ची न घेता उभे होते, मी त्यांच्या उजव्या बाजूला. मारा कुणी किती केला त्यात ते साधारण मध्यावर आले. शेठ पहिले, अर्थातच.

राक्षस पडला की तो पकडायचीही संधी मिळते. त्यासाठी स्क्रीनवरचा चेंडू बोटाने तिच्याकडे वर फेकायचा. बाबांनी उजव्या अंगठ्याने फेकायला सुरुवात केली. पहिला डावीकडे गेला, दुसरा तिच्या अलीकडेच पडला. आजूबाजूला कुणाकुणाला मिळाल्याच्या आरोळ्या येत होत्या. माझा हात दोनदा पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. शेवटचा चेंडूही चुकला आणि निवटी नाहीशी झाली.

"पळाली," बाबा म्हणाले.

"डाव्या हातानं टाकायचा ना काका," एक पोरगा कळवळून म्हणाला.

"डाव्यानं टाकायला मी इथं कशाला येतोय?"

ती त्यांना मिळाली, पण मी तेव्हा तिथे नव्हते. बुधवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचा फोन आला. मी धावत बाहेर येऊन उचलला. "मिळाली. उजव्या हातानं," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. मी पाण्याच्या कूलरपाशी जरा वेळ उभी राहिले आणि मग आत गेले. आईला त्यांनी घरी येऊन फोन दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "असू दे, छान आहे. हातपाय धुवा, जेवायला वाढते."

पुढच्या महिन्यात निवटी गेली, दुसरं काहीतरी आलं. माझा खेळ त्यानंतर हळूहळू सुटला. ऑफिसचं काम वाढलं आणि खरं तर कंटाळाही आला. बाबांचा नाही सुटला. उजवा हात पूर्ण पहिल्यासारखा झालेला नाही. शर्टाची बटणं लागतात, सही अजून वेडीवाकडी येते आणि बँकेत त्यावरून वाद होतो. पण ते रोज चालतात, फोन घेऊन आणि हल्ली कधी कधी न घेताही.

मध्यंतरी खांदेश्वरच्या तळ्यावर काही मंडळींना एक राक्षस आवरत नव्हता. शेठ गाडी घेऊन बाबांना न्यायला आले. ते परत आले तेव्हा आई आणि मी जेवायला थांबलो होतो. बाबा खुर्चीवर बसले, ताट पुढे ओढलं आणि सांगायला लागले. तिथं किती माणसं होती, कोण कुठं उभं होतं, आधी काय चुकत होतं, मग त्यांनी कुणाला पुढे घातलं. आईने मधेच विचारलं, "आणि मग तो मेला का?" तर म्हणाले, "थांब, अजून तिथपर्यंत आलो नाही." भात गार होत होता. आम्ही दोघी ऐकत होतो.