हेलियमची चवळी

आमचे चवळीमास्तर रोज संध्याकाळी अणू शिजवून खात. खोटं नाही सांगत! जव्हार संस्थानातल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं एक सूप. भिजवलेली लाल चवळी म्हणजे प्रोटॉन, पांढरी म्हणजे न्यूट्रॉन, आणि सुपाच्या कडेने नागलीचे दाणे, ते इलेक्ट्रॉन. शाळा सुटली की "आज कार्बनची उसळ," म्हणत सगळं पंच्यात बांधून घरी.

आम्ही पोशेरा गावाकडची पोरं, सदा भुकेली. चवळी हातोहात लंपास व्हायची. मास्तर ओरडत, "गाढवा, खायचीच तर नागली खा! एक इलेक्ट्रॉन गेला तर सोडियमचा आयन होईल, पण राहील सोडियमच. प्रोटॉन खाल्लास तर घराणंच बदलेल!" एकदा सोडियमचे अकरा लाल मोजले तर दहाच भरले. "झाला निऑन! कोणाच्या पोटात गेला?"

"मी नाय खाल्ला, मास्तर," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

मास्तर तसे भित्रे. हेडमास्तरांना तर सोडाच, शिपायालासुद्धा "होय साहेब" म्हणायचे. घरी आजारी बायको, दोन मुली. नोकरी गेली की चूल बंद. म्हणून तपासणीसाहेब आले तेव्हा आम्हाला वाटलं, आज मास्तर लोटांगणच घालणार.

साहेबांनी मला हेलियम मांडायला लावला. मी मधोमध दोन लाल, दोन पांढऱ्या ठेवल्या, कडेला नागलीचे दोन दाणे. साहेबांनी पुस्तक आपटलं. "हे पांढरं काय? गाभ्यात चार प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन, असं छापलंय इथं!"

पुस्तक जुनं होतं. न्यूट्रॉन त्यानंतर सापडला, हे मास्तरांनी कुठल्याशा शिळ्या वर्तमानपत्रात वाचलं होतं.

"पांढऱ्या उचला, मास्तर."

मास्तरांचा हात सुपापर्यंत गेला आणि मागे आला. "नाही साहेब. पोराने बरोबर मोजलंय."

त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं "नाही". आठवड्याभरात नोकरी गेली.

निघायच्या सकाळी आम्ही घरून आणलेली चवळी त्यांच्या पिशवीत ओतली. खाल्लेले प्रोटॉन परत नकोत का करायला? "लेकांनो, एवढ्यात युरेनियम होईल रे!" मास्तर हसले आणि हसता हसता घळाघळा रडले. मग एक पांढरी चवळी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ही पुस्तकात येणार. तोवर खाऊ नकोस."

दोन वर्षांनी नवं पुस्तक आलं. हेलियम: दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. मी धावत जाऊन पेटी उघडली, तर चवळीचं भुंग्याने पीठ केलेलं. चवळीचं जाऊ द्या हो, ते पान दाखवायला मास्तर हवे होते. आणि त्यांचा पत्ता सबंध जव्हारात कुणालाच ठाऊक नव्हता.