केंदूरची करंजी

आज पहाटे आबा गेले, आणि मला सगळ्यात आधी आठवली ती मी वाया घालवलेली चार ट्रे खारी.

रडू नंतर आलं.

आबा म्हणजे माझे सासरे. दौंडात स्टेशनजवळच्या एका बेकरीत त्यांनी उभी हयात भट्टी सांभाळली. पाव, टोस्ट, नानकटाई, सगळं करायचे. पण खारी खावी तर आबांचीच.

फक्त हे कुणाला माहीत नव्हतं.

काउंटरवर मालक, आबा मागे. "तुम्ही आपले भट्टीवरच बरे," एवढंच मालक म्हणायचे. खारी बौद्धवस्तीतल्या माणसाच्या हातची आहे हे कळलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची धास्ती. माणूस तसा वाईट नव्हता. पण आबांना ते कळत होतं, आणि लागतही होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. केंदूरहून लग्न होऊन मी दौंडला आले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

पाडवा झाला, चौदा एप्रिल जवळ आला. वस्तीच्या मीटिंगमध्ये आबा उठले आणि सांगून मोकळे झाले, "औंदा जयंतीला बुंदी नको. खारी करतो मी. पिंपळाच्या पानाची, वर निळी साखर. आन् वाटणारबी मीच."

खरी गोष्ट शेवटच्या वाक्यात होती. वीस वर्षं खारी करणाऱ्या माणसाला एकदा तरी ट्रे घेऊन लोकांसमोर यायचं होतं.

सकाळचा पाव निघाल्यावर दुपारपर्यंत भट्टी वापरा, असं मालकांनी सांगितलं.

एप्रिलच्या उन्हाचं आणि खारीचं वाकडं. मैद्याच्या घड्यांमध्ये वनस्पती तूप असतं, ते वितळलं की पापुद्रे गेलेच. म्हणून आबांनी उजाडायच्या आत लाटून, घड्या घालून गोळे ओल्या गोणपाटाखाली ठेवले. डब्याचा पत्रा वाकवून पानाचा साचा केला आणि माझ्या हातात दिला.

"पानं तू काप, सुनबाई. तुझा हात हलका हाय."

झालं, मी हवेत! केंदूरला माझ्या करंजीच्या मुरडीचं नाव होतं. बायका बघायला यायच्या.

(बरं, दोघी-तिघी यायच्या.)

मग मी काय केलं? प्रत्येक पानाच्या कडेला दुधाचं बोट फिरवलं, कडा दाबल्या आणि मस्त मुरड घातली. असं नाही केलं तर करंजी तळताना उकलते, हे आईनं शिकवलेलं.

आबा निखारे ओढण्यात गुंतलेले. भट्टीची आच उतरायला लागली होती, त्यामुळे त्यांनी घाईत, न बघताच ट्रे आत सारले.

बाहेर आली तेव्हा पानं दिसायला सुंदर आणि फुगायला शून्य. कडाच चिकटलेल्या, पापुद्रे उघडणार कुठून? टेबलावर ठेवली तर कौलासारखी वाजली.

आबांनी एक उचललं. उलटंसुलटं केलं. मी तोंडाला पदर लावून उभी.

"सुनबाई, ही केंदूरची करंजी हाय व्हय?"

"चुकलं माझं, आबा."

"ते दिसतंयच की. पर मुरड झ्याक घातलीस."

गोणपाटाखाली एकच गोळा उरला होता. निम्म्या वस्तीलाही पुरला नसता. नवा मैदा मळून भट्टी पुन्हा पेटवायची तर दुपारचा पाव अडला असता. वाटलं, आता म्हणतील, जा, बुंदी सांगून ये. एवढ्या वर्षांनी त्यांना मिळालेला दिवस मी माझ्या हौसेपायी घालवला होता.

आबांनी साचा बाजूला ठेवला आणि सुरी घेतली.

"बारकी कापू. झाडाची सगळी पानं काय एका मापाची असत्यात?"

दोन बोटांएवढी पानं झाली, उरलेल्या आचेवरही भाजतील अशी. या वेळी मी कडेला नखसुद्धा लावलं नाही.

आणि फुगली हो! कागदाच्या पुडीतून वर निळी साखर सोडताना मी इतकी घाई केली की सगळ्या रेषा वाकड्या आल्या.

संध्याकाळी मंडपात आबा पांढरा सदरा घालून, ट्रे घेऊन उभे. पाहुणे म्हणून एक गुरुजी आले होते, बेकरीचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी एक पान तोंडात टाकलं आणि चव ओळखली.

"अहो, ही तर बेकरीतली खारी."

"तिथलीबी मीच करतो, गुरुजी."

गुरुजींनी ट्रेमधून आणखी एक पान उचललं.

"इतकी वर्षं खातोय मी. कधी बोलला नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई. आन् ही नक्षी आमच्या सुनबाईची."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्यानं मागितलं, "आबांची खारी द्या."

गिऱ्हाईक तुटलं का? दोन-चार जण तुटले. बाकीचे खात राहिले.

माझी बसलेली पानं आम्ही आठ दिवस चहात बुडवून संपवली. पुढे घरात काहीही बिघडलं की आबा हमखास म्हणायचे, "केंदूरची करंजी झाली." आणि त्यांना एक सवय लागली. समोर काहीही खायला आलं की आधी विचारायचे, "कुनाच्या हातचं?" कळल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. परवा पेज दिली तेव्हाही विचारलं.

आज शेजाऱ्यांनी दारात बसलेल्यांसाठी चहा आणला. बरोबर बेकरीची खारी.

मी विचारलं, "कुणाच्या हातची?"

कुणालाच सांगता येईना.

माझी लेक उठली, गाडी काढून बेकरीत गेली आणि विचारून आली. शकील म्हणून आहे कुणी, गोरखपूरकडचा. मागे भट्टीवर असतो.

मग मी खाल्ली.

आबा, शकीलची खारी चांगली आहे. तुमच्यासारखी नाही, पण चांगली फुगलीय.

या आता. जय भीम.