विडीचा ठपका

गॅसबाईंनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. ऑफिसखालच्या चहावाल्याने एकदा त्यांना शिळा वडा दिला, तर पुढे सात वर्षं त्या त्याच्याकडे चहासुद्धा प्यायल्या नाहीत. कुणी "चूक झाली, बाई" म्हणत आलं की शांतपणे सांगायच्या, "झाली ना? मग ती तुझी. मला कशाला देतोस?"

दादरला आमचं चार टेबलांचं ऑफिस होतं. देशभरातल्या कचऱ्यातून आणि सांडपाण्यातून दर वर्षी किती मिथेन हवेत जातो, याचा अंदाज आम्ही काढत असू. म्हणून त्या गॅसबाई. मी नवीन होतो तेव्हा वर्षावर्षाने चढत गेलेली रेषा बघून म्हणालो, "लोकसंख्या वाढली, दुसरं काय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गावाकडे उकिरडा उघड्यावर पसरलेला असतो, त्याला हवा लागते. शहरात आपण त्याचे डोंगर केले. खाली हवा नाही, तिथे गॅस तयार होतो. आणि आजचा कचरा आज गॅस सोडून मोकळा होत नाही रे, वीस-तीस वर्षं सोडत बसतो. या वर्षीचा आकडा हवा असेल तर बापाच्या काळातला कचरा शोधून आण."

तो शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या डम्पिंगवर कुठल्या साली किती ट्रक गेले, यासाठी त्या गोदामांतून वाळवी लागलेल्या नोंदवह्या उचलून आणत. एवढ्या ईर्ष्येने का, ते मला परळला त्यांच्या चाळीत जेवायला गेलो तेव्हा कळलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एका तरुणाचा फोटो होता. बाईंचा दादा. डम्पिंगवर ट्रक रिकामे करायचा. बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होत्या तेव्हा एका दुपारी तिथे आग लागली आणि दादासकट तिघे गेले. ठेकेदार कंपनीच्या इंजिनिअरने अहवालात लिहिलं, दादाने विडी पेटवली म्हणून आग लागली.

"माझ्या भावाने आयुष्यात विडीला हात लावला नाही," बाई मला भात वाढता वाढता म्हणाल्या. बाकीचे दोघे त्याच चाळीतले. त्यांच्या बायका दादाच्या बायकोशी, आमच्या वहिनींशी, बोलेनाशा झाल्या. नळावर वहिनी आल्या की दोघी बादली उचलून निघून जायच्या. वहिनींनी हे अख्खं आयुष्य सोसलं.

मी नोकरीला लागल्यानंतर दोन वर्षांनी, ट्रकच्या खेपा शोधता शोधता, बाईंना त्याच डम्पिंगची वही सापडली. आगीच्या दहा दिवस आधीच्या पानावर लिहिलं होतं, "उतारावर भेगांतून गॅस येतो आहे. ठिणगीचा धोका. माणसं हटवावीत." खाली त्याच इंजिनिअरची सही. माणसं कुणी हटवली नव्हती.

मी म्हणालो, "बाई, उद्याच देऊ या कुठेतरी."

"नको. आज दिलं तर एका मेलेल्या कामगाराची जुनी फाइल म्हणून कोपऱ्यात टाकतील. त्या माणसाला काहीतरी हवं असेल, त्या दिवशी देईन."

तो दिवस यायला चार वर्षं लागली. इंजिनिअर आता मोठे सल्लागार झाले होते. बंद पडलेल्या त्याच डम्पिंगला लागून इमारती उठवायच्या होत्या आणि तिथला गॅस संपत आलाय, असं त्यांना समितीकडून मान्य करून घ्यायचं होतं. बाई त्या समितीवर होत्या, बैठकीला मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. पडद्यावर साहेबांची रेषा झोकात खाली उतरत होती.

बाईंनी विचारलं, "साहेब, तुमची मोजणी अलीकडच्या कचऱ्यापासून सुरू होते. त्याआधीचा कचरा कुठे गेला?"

"मॅडम, तेव्हाच्या नोंदीच उपलब्ध नाहीत."

"आहेत. तुमच्याच अक्षरात आहेत."

त्यांनी आधी ट्रकच्या खेपा वाचल्या, मग ते पान. सही दाखवली आणि म्हणाल्या, "आता विडीबद्दल सांगा." साहेबांनी वही पुढे ओढून सही दोनदा पाहिली आणि पडदा बंद करायला सांगितलं. बाई त्यांच्याकडे पोटभर बघत राहिल्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता आणि मला त्याची थोडी भीती वाटली.

प्रकल्प अडला, इमारती बांधणाऱ्या कंपनीने साहेबांना दूर केलं, अहवालातली विडी खोडली गेली. बाई त्या पानाची प्रत घेऊन बाकीच्या दोघांच्या घरी गेल्या. एक म्हातारी वहिनींच्या गळ्यात पडून रडली. दुसरी तोवर वारली होती.

काही महिन्यांनी साहेब काठी टेकत चाळीत आले. मी तिथेच होतो. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. ते म्हणाले, "वरून दबाव होता. मला माफ करा."

"चहा घ्या," बाई म्हणाल्या. "माफी या घरात नाही."

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, म्हातारा झालाय तो."

"दादा नाही झाला," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीच्या जिन्यात साहेब पांढऱ्या फुलांचा हार घेऊन उभे होते. वर चढवत नव्हतं, म्हणून त्यांनी हार माझ्यापुढे धरला. "तेवढा फोटोला घाल, बाळा."

मी दोन्ही हात खिशात घातले.