डोंगर शांत होईपर्यंत

दादाचा फोन आला तेव्हा आमच्या निरीक्षण केंद्राच्या पत्र्यावर राख पडत होती. इंडोनेशियातल्या ज्या बेटावर मी ज्वालामुखींचा अभ्यास करते, तिथला आमचा डोंगर त्याच सकाळी फुटला होता. उतारावरची गावं वेळेत रिकामी झाली होती, माणसं सुखरूप होती, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो. खोटं कशाला बोलू, मी आनंदात होते. हसतच फोन घेतला. पलीकडून दादा म्हणाला, "मंदा, तुन्ही वहिनी गई..."

मला निघता आलं नाही. ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ते काचेचे धारदार कण असतात, विमानाच्या इंजिनात शिरले की वितळून आत चिकटतात. विमानतळ बंद होता. मी गावी, रनाळ्याला पोचले तेव्हा वहिनीचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. ज्या डोंगराच्या मागे मी इतकी वर्षं धावले, त्यानेच माझी वाट अडवली होती.

सुनंदावहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. आई अंथरुणाला खिळलेली. आईचं न्हाणं-धुणं, शेतातल्या माणसांच्या भाकरी, सगळं वहिनीने येताक्षणीच अंगावर घेतलं आणि माझ्या हातातला झाडू काढून घेतला. पुढे मी पुण्याला भूशास्त्र शिकायला जायचं म्हटलं तेव्हा घरात कुणालाच ते काय असतं ते ठाऊक नव्हतं. आईकडे बघायला मुलगी नको का, असं आत्या म्हणाली. वहिनी म्हणाली, "मी शे ना. तिले जाऊ द्या." तेवढ्या एका वाक्यावर मी गेले. आई गेली तेव्हाही तिच्या उशाशी वहिनीच होती.

माझं काम नेमकं काय, हे मला घरातल्या फक्त तिनेच विचारलं. संध्याकाळचा स्वयंपाक करताना ती व्हिडिओ कॉल लावायची आणि आमच्या गप्पा चालायच्या. एकदा मी सांगितलं, की समुद्राच्या तळाचा जाड थर हळूहळू सरकत दुसऱ्या थराखाली घुसतो, बुडताना पाणीही सोबत नेतो. खूप खोल गेल्यावर ते पाणी बाहेर पडून वरच्या तापलेल्या खडकात मुरतं, आणि पाण्यामुळे तो खडक एरवीपेक्षा कमी उष्णतेला वितळायला लागतो. वहिनीने लाटणं थांबवलं. "पानी टाकं म्हणजे चूल इझस, आनि तुन्हाकडे डोंगर पेटस?" तिला हसू आवरेना. मग तिने विचारलं, आपल्या जमिनीखाली पण असंच आहे का? मी म्हटलं, आपला काळा दगडही अशाच वितळलेल्या रसाचा, पण तो पातळ होता. फार पूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तो रस त्यांतून लांबवर पसरला, थरावर थर साचत गेला. आमच्या बेटांवरचा रस घट्ट. त्यातला वायू सहज सुटत नाही, कोंडत जातो आणि मग राख, दगड उडवत फुटतो. कधी राखेचा थर, कधी लाव्ह्याचा, असं साचून साचून तो उंच, उभ्या चढणीचा सुळका तयार होतो.

"घट्ट बेसन खदखदस तसं," वहिनी म्हणाली आणि मनगटावरचा भाजल्याचा चट्टा कॅमेऱ्यापुढे धरला. "हाई दख. मन्हावर बी फुटेल शे."

यंदाच्या उन्हाळ्यात डोंगर अस्वस्थ झाला. आतून रस वर चढत होता. उतार केसभर फुगायचा, जमीन बारीक थरथरायची, वायूचं प्रमाण वाढायचं, मग सगळं पुन्हा निवायचं. फुटेल की नाही, कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. त्या दिवसांत वहिनीचा फोन रोज यायला लागला. पहिला प्रश्न ठरलेला. "तुन्हा डोंगर काय म्हणस आज?" मी भरभरून सांगायचे. किती फुगला, कुठे वाफा निघाल्या, उतारावरच्या आज्या कोंबड्या सोडून यायला कशा तयार नाहीत. ती ऐकून घ्यायची. शेवटी विचारायची, "मंग कधी शांत व्हई?" मी म्हणायचे, काय सांगू वहिनी, आठवडा लागेल, महिनाही लागेल. ती पुढची पोळी लाटायला घ्यायची. मला वाटायचं, हिला माझी काळजी वाटतेय. मला ते आवडायचं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दादाने सांगितलं. वहिनीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पावलं चालली की धाप लागायची. सुरतेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं. पण ऑपरेशन म्हटलं की मला कळवावं लागणार, आणि कळलं की मी हातातलं टाकून येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "तिले सांगं तर ती निंघी येई," असं ती दादाला म्हणाली. "तठला लोकेसनं काय? डोंगर शांत व्हवू दे, मंग करसूत." डोंगर शांत झाला नाही. तो फुटला त्याच सकाळी तिला नंदुरबारला नेताना गाडीतच...

मी म्हटलं, "दादा, तू तरी सांगायचं होतंस." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी बी तिन्हंच ऐकं." ऑपरेशन झालं असतं तर ती वाचली असती का, हे मी अजून कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते. मी नसते तर दुसऱ्या कुणी यंत्रं सांभाळली असती, गावं तरीही रिकामी झाली असती. आमच्या केंद्रात माझ्यावाचून अडणारं काही नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. उलट माझ्यावाचून सगळं अडतं, असंच सांगत आले, कारण तिला ते ऐकायला आवडायचं. आणि मलाही.

दुपारी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी एक नवं लाकडी स्टूल होतं, उंच, निमुळत्या पायांचं. उन्हाळाभर फोनवर मला वहिनीचा चेहरा, खांदे आणि मागची भिंत दिसत होती. ती उभी राहून पोळ्या लाटतेय, असंच मी समजत होते. दादा दारात येऊन थांबला होता. म्हणाला, सुताराकडून तिने ते दोनदा करून घेतलं. पहिलं ठेंगणं झालं होतं, त्यावर बसलं की फोनमध्ये ती बसलेली दिसायची.