सोळा केबीतला उंदीर

एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे निकामी झाली, हे माझ्या बायकोच्या मामांना पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. अंबरनाथच्या कारखान्यातून ते स्वतः निवृत्त झाले, तेही नाइलाजानं. मांजर्लीच्या त्यांच्या घरात रेडिओ थोपटल्यावर बोले, मिक्सर उजवीकडे कलवला की फिरे, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला असे मामांचा कॉम्प्युटर. लोकांकडे तेव्हा सपाट पडद्याची यंत्रं येऊ लागली होती. मामांचा हा पाटीएवढा डबा मात्र टीव्हीला जोडावा लागे आणि प्रोग्रॅम भरायला टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावावी लागे. त्या कॅसेटमधून असा चीत्कार निघे, की शेजारीण मामींना विचारायची, "कोणाला इंजेक्शन देताय का हो?"

लेक सुजाता शाळेत असताना मामांनी तिच्यासाठी या डब्यात एक खेळ रचला होता. काळ्यापांढऱ्या चौकोनांनी बनलेला एक उंदीर खोल्या ओलांडत आपल्या बिळाकडे निघतो. शेवटच्या खोलीच्या दारात मेमरी संपली आणि उंदीर तिथंच अडकला. सुजाता इंजिनीअर झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी उंदीर दारातच. ती बाळंतपणाला येणार असं कळलं, तेव्हा मामी डिंक-मेथीच्या मागे लागल्या आणि मामा मेमरीच्या.

मला घेऊन ते उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात गेले. जीन्सच्या ढिगाऱ्यांतून वाट काढत आम्ही एका सिंधी दुकानदारापुढे उभे राहिलो.

"सोलह केबी का है, बत्तीस और डालना है," मामा म्हणाले.

"साईं, केबी नहीं, एमबी बोलो. इतना छोटा अभी कोई नहीं बनाता."

मामा दुखावले. "छोटा कायको बोलता? इसमें पूरा उंदीर रहता है."

दुकानदारानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि कॅम्प पाचमधल्या एका भंगारवाल्याचा पत्ता दिला. तिथं जुन्या बोर्डांच्या गोणीत डोकं घालून मामांनी हव्या तेवढ्या चिप्स मिळवल्या. परतताना रिक्षात त्यांनी ती पुडी मांडीवर अशी धरली होती, की शेजारचा माणूस आपण होऊन सरकून बसला.

अंगातली वीज चिपला मारते म्हणून प्रत्येक चिप बसवण्याआधी मामा मोरीत जाऊन नळाला हात लावून येत. "जाताच आहात तर कळशी भरून आणा," मामी म्हणाल्या. मग एका चिपचा पाय वाकला. मामांनी चिमटा उचलला. "जावईबापू, हा तुटला तर संपलं," ते हळूच म्हणाले. पाय सरळ झाला. टीव्हीवर आधी नुसती गिचमिड आली, मग पडदा स्वच्छ झाला.

सुजाता आली ती जड पावलांनी. पाठीला लोड लावून खेळायला बसली. उंदीर शेवटच्या खोलीत शिरला, बिळापाशी पोचला. बिळात एक पिल्लू झोपलं होतं.

"पप्पा, हे आधीपासून ठरलं होतं?"

"नाही. आधी खोबऱ्याचा तुकडा होता," मामा म्हणाले. "आता जागा झाली, म्हणून बदललं."

ते टीव्ही बंद करायला उठले. "राहू द्या थोडा वेळ," सुजाता म्हणाली. मामी आतून जेवायला हाका मारत होत्या. पण त्या काळ्यापांढऱ्या चौकोनांसमोरून बापलेकीपैकी कोणीच उठेना.