यमुनाचं लग्न ठरलं नव्हतं

१९५२ च्या जूनमध्ये मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की यमुनाचं लग्न ठरलं आहे. ते ठरलं नव्हतं. सहा वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही — बारामतीला आईजवळसुद्धा नाही. आज पहिल्यांदाच लिहून काढते आहे.

इंदापुरात बायकांच्या दवाखान्यात आम्ही दोघी नर्स. एकाच वर्षी शिकून आलो, एकाच खोलीत राहत होतो. त्या साली पुण्याच्या एका इस्पितळात, नर्सिंग पुरं केलेल्यांसाठी वर्षभराचं वरचं शिक्षण निघालं — अडलेली बाळंतपणं, बायकांचे आजार. आमच्या वाट्याला एकच जागा आली. परतल्यावर काही वर्षं इथंच काम करायचं, अशी अट होती. लग्न ठरलेल्या मुलीला पाठवायचं नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सासरचे नोकरी सोडायला लावतात, शिक्षण वाया जातं.

यमुनाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते ती सांगायची, आणि ते तसंच निघायचं. मी पुष्कळदा चुकायचे. बाई तिलाच पाठवणार हे दिसत होतं.

मग काय झालं? विशेष काहीच नाही. बाई हात धूत होत्या, मी टॉवेल धरून उभी होते. त्यांनी विचारलं, "यमुनाला घरून सोडतील ना वर्षभर?"

"तिचं लग्न ठरलंय, बाई. सांगायला लाजते ती."

दुसरं वाक्य मी का जोडलं? बाईंनी तिला विचारू नये म्हणून. त्यांनी विचारलं नाही. मी पुण्याला गेले.

मी तिकडं असताना बाईंनी सहज तिला लग्नाची तिथी विचारली, तेव्हा यमुनाला कळलं. कुणी सांगितलं, ते बाईंनी सांगितलं नाही. तिनं तर्क केला. तिचा थोरला भाऊ लासुर्ण्याला शेती करतो. पोरीनं नोकरी सोडावी असं तो म्हणायचा, भिगवणचं एक स्थळही त्यानं बघून ठेवलं होतं. मी परत आले त्या दिवशी ती मला म्हणाली, "दादानंच केलं, कमल. दुसरं कोण करणार?"

मी म्हटलं, "असेल."

हे सांगायला मला जास्त जड जातं आहे. बाईंपुढचं खोटं एका क्षणात निघून गेलं होतं. हा एक शब्द — तो मी विचार करून बोलले. यमुनानं भावाला एकदाच तसं सुनावलं, त्यानंतर ती त्याच्याकडं गेली नाही. तो वांग्यांची पाटी घेऊन यायचा. ती बाहेर यायची नाही. पाटी मी उतरवून घ्यायचे. त्या वांग्यांची भाजी आम्ही दोघी खायचो — नाही, मी खायचे.

१९५८ च्या पावसाळ्यात तो बायकोला बाळंतपणाला घेऊन आला. यमुनानं वहिनीच्या पोटावर हात ठेवला. "पायाळू आहे," म्हणाली आणि बाजूला झाली. "तू शिकून आलीस. तू कर."

पायाळू मूल ओढायचं नसतं. हात आवरून थांबायचं, आपण होऊन येईल तेवढं येऊ द्यायचं, डोकं शेवटी हलकेच सोडवायचं. हे मला पुण्याला शिकवलं होतं. मुलगी झाली, जरा वेळानं रडली. मी सांगायला बाहेर गेले. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी एका खोलीत ऱ्हाता. तुमी तरी सांगा यमीला, मी कुणापाशी काय बोललो न्हाय म्हणून."

मी आत जाऊन यमुनाला सगळं सांगितलं. ती कात्र्या धूत होती. धुऊन झाल्यावर म्हणाली, "आता दादाला सांग. माझ्यासमोर."

सांगितलं. तो बहिणीला म्हणाला, "आन् मी पाच वर्सं तुझ्या वहिनीवर डाफरतूय, तूच कुठं बोललीस का म्हणून." यमुना हसली. मी तिथं उभी आहे हे दोघं विसरले होते.

त्याच संध्याकाळी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "यमुनाला पाठवलं असतं, पण यंदा पुण्याला जागा नाही."

नंतर मला सपाटून भूक लागली. पोटभर भाकरी खाल्ली. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त — हलकं वाटत होतं. ते तरी कशाला लपवू?

यमुनानं खोली बदलली. माझ्याशी कामापुरतं बोलते, सिस्टर म्हणते. भाऊबीजेला तिनं रजा घेतली आणि सकाळच्या मोटारीनं लासुर्ण्याला गेली. तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाली.