पंधरा दिवसांची उचकी

डॉक्टर सुकन्या मूळची बारामतीजवळच्या कऱ्हाटीची. तिचे वडील म्हस्कू यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं, मग विहीर पाडून ते शेतीला लागले. मुलगी मेंदूविकारांची डॉक्टर झाली आणि बारामतीला परत निघाली, तेव्हा तिचे सर म्हणाले होते, "मल्टिपल स्क्लेरोसिस हा थंड मुलखातला आजार. तुझ्या उसाच्या पट्ट्यात पाच रुग्ण सापडले तरी पुष्कळ."

सुकन्याला हे पटलं नव्हतं. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. कधी नजर जाते, कधी पाय लुळे पडतात. थोडं सुधारतं आणि पुन्हा झटका येतो. गावात त्याला लकवा म्हणतात, नाहीतर बाहेरचं. मग आकडा दिसणार कुठून? तिनं रविवार राखून ठेवला. बारामती आणि इंदापूर तालुक्यातलं एकेक गाव धरायचं, "तरुणपणीच कुणाचे पाय गेलेत का?" असं गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना विचारायचं आणि थेट घर गाठायचं. सहा वर्षांत एकसष्ट फायली झाल्या. शोधनिबंधही लिहून नियतकालिकाकडे धाडला होता.

त्यातली एक फाईल पणदऱ्याच्या विजयमालाची. वय छत्तीस, गोठ्यात चार गाई. आधी पाय लुळे पडले, मग एका डोळ्याची नजर गेली. सुकन्यानं तिला मल्टिपल स्क्लेरोसिसची इंजेक्शनं सुरू केली होती. पण विजयमाला म्हणायची, "बाई, सुई घेतली का मी आनखीच मागं जाते."

"धीर धरा, ताई. वेळ लागतो," सुकन्या सांगायची.

इंजेक्शनांच्या आठव्या महिन्यात तिचा दुसरा डोळाही गेला. सुकन्या तिच्या घरी पोचली. तपासणी चालू असताना विजयमालाची सासू कौसल्या दारातून म्हणाली, "डाक्टरीणबाई, पाय जायच्या आधी हिला उचकी लागली हुती. पंधरा दिस. पोटात पानी ठरंना. त्याचं काय याच्याशी आसंल का?"

सुकन्याचा हात थांबला. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. न थांबणारी उचकी आणि उलट्या ही या आजाराच्या एका चुलतभावाची खूण. दिसायला दोघं सारखेच, पण एकाची इंजेक्शनं दुसऱ्याला घातक. सुकन्यानं त्याच दिवशी इंजेक्शन बंद केलं, विजयमालाला दवाखान्यात आणलं आणि रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी शंका खरी ठरली.

सुकन्या खाटेशेजारी बसली. "ताई, चूक माझी झाली. मी तुम्हाला दुसऱ्याच आजाराचं औषध देत होते."

विजयमालानं विचारलं, "डोळा माघारी यील का?"

"एक येईल असं वाटतंय. दुसऱ्याचं सांगता येत नाही."

"मग एकाचं बगा. आन् बाकीच्यांनाबी उचकीचं इचारा."

सुकन्यानं शोधनिबंध मागं घेतला. पुण्यातला सहकारी वैतागला, "एका रुग्णापायी सहा वर्षं वाया घालवतेस!" ती म्हणाली, "एकच आहे हे तुला कुणी सांगितलं?" एकसष्ट घरांचे उंबरे तिनं पुन्हा झिजवले. या खेपेला ती विचारायची कमी आणि ऐकायची जास्त. दीड वर्ष गेलं. नऊ जणांना तो दुसरा आजार निघाला. त्यातले तिघं चुकीच्या इंजेक्शनांवर होते. नवा निबंध लिहिताना ती निदानं आपलीच चुकली होती, हेही तिनं लिहिलं. दोन नियतकालिकांनी तो परत धाडला, तिसऱ्यानं छापला.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. दोन्ही तालुक्यांतल्या दवाखान्यांत तिनं एक कागद स्वतः नेऊन चिकटवला: 'उचकी दोन दिवसांत थांबली नाही, तर मला फोन करा.' काही डॉक्टर हसले. पुढच्या वर्षी वालचंदनगरहून फोन आला. तिथल्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या वृषाली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पाच दिवस उचकी होती, पित्ताच्या गोळ्यांनी फरक नव्हता. सुकन्यानं तिला तासाभरात बोलावून घेतलं आणि उपचार सुरू केले. रक्ताचा अहवाल नंतर आला, त्यात तोच दुसरा आजार निघाला. वृषालीचे पाय गेले नाहीत, नजरही शाबूत राहिली. ती आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

विजयमालाचा एक डोळा परत आला, दुसरा आला नाही. काठी टेकत ती गोठ्यात जाते आणि बसून धारा काढते. पणदऱ्यात कुणाला उचकी लागली की सुकन्याला पहिला फोन तीच लावते.